पऱ्हाटीच्या फोटोत वावरातली हवा: सेन्सरचा आकडा फोटोत कसा भरायचा

पानावर ठिपके दिसले की आपण फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि उत्तराची वाट बघतो. जाणकार माणूस मात्र आधी उलट प्रश्न विचारतो. कोणत्या वावरातलं पान आहे? फोटो कधीचा? पाऊस उघडून किती दिवस झाले? सकाळी दव पडतंय काय? प्रश्न रास्त आहेत. पावसाचा खंड पडून हवा कोरडी झाली की फुलकिडे वाढतात आणि हवा ओलसर राहिली की पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, दहिया हा बुरशीचा रोग येतो. नुसत्या पानाच्या फोटोत ही हवा दिसत नाही.

ती फोटोत भरता येते. वावरात टांगलेल्या छोट्या ब्लूटूथ सेन्सरचं तापमान आणि आर्द्रता फोटोच्या फाइलमध्येच कायमची लिहून ठेवायची, म्हणजे दोन वर्षांनी तोच फोटो उघडला तरी त्या दिवशीची हवा त्याच्यासोबत असेल. महसूल मंडळाच्या महावेध या हवामान केंद्राचे आकडे असतात, पण ते मंडळाचे. तुमच्या नाल्याकाठच्या दोन एकरांत पहाटे किती ओलावा असतो, ते केंद्राला कळत नाही.

हे सगळं नवीन माणसाला जमण्यासारखं आहे. अट एकच, घड्याळ सांभाळा. बाकी चुका दुरुस्त होतात. वेळ चुकली तर फोटोला दुसऱ्याच वेळची हवा चिकटते, आणि पुढे ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोटोच्या पोटात आधीच काय असतं

घरकुलाच्या हप्त्यासाठी जिओ-टॅग केलेला फोटो आता गावात सगळ्यांना माहीत आहे. रोजगार हमीच्या कामावरही हजेरीचे फोटो ॲपमधून जातात. त्यामुळे फोटोसोबत जागा आणि वेळ जाते, हे वेगळं समजावायला नको. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. जीपीएस मॅप कॅमेरा छापाची ॲप्स फोटोवर खाली पट्टी छापतात. ती चित्राचाच भाग होते, कोणालाही वाचता येते, पण संगणकाला त्यातून शंभर फोटोंची तापमानं काढून तक्ता करता येत नाही. दुसरा प्रकार फाइलच्या आत लपलेल्या माहितीचा. तिला एक्झिफ म्हणतात. हे मानक १९९५ मध्ये जपानमध्ये तयार झालं. आज तुमच्या फोनचा कॅमेराही वेळ, मॉडेल, शटरचा वेग आणि परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांश त्यातच लिहितो.

२०१६ मध्ये आलेल्या एक्झिफ २.३१ या आवृत्तीत तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब यांच्यासाठी अधिकृत रकाने जोडले गेले. तापमान सेल्सिअसमध्ये, आर्द्रता टक्क्यांत, दाब हेक्टोपास्कलमध्ये. रकाने आहेत, पण नेहमीचे फोन ते रिकामेच सोडतात. आपल्याला भरायचे आहेत ते हेच. जमिनीतल्या ओलाव्यासाठी असा रकाना नाही. त्याची सोय पुढे सांगतो.

आता पहिलं काम. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू करा. आयफोन असेल तर फोटो जेपेगमध्ये साठवायला सांगा, पुढची कटकट वाचते.

सेन्सर कोणता घ्यावा

दोन वाटा आहेत. पहिली, घरात लावतात तसं पडद्याचं छोटं ब्लूटूथ थर्मामीटर. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं घ्या. बटणाएवढ्या सेलवर ते महिनोन् महिने चालतं, त्यामुळे वावरात लाइन कधी येते आणि कधी जाते, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. घेताना एवढंच बघा, की त्याच्या ॲपमधून मागच्या नोंदी वेळेसकट फाइल करून बाहेर काढता येतात काय. हे होत नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

दुसरी वाट स्वतः जोडायची. ईएसपी ३२ नावाचा छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि त्याला सेन्सर. पॉलिटेक्निकला शिकणारं पोरगं घरात असेल तर ही मजेची आहे. फक्त दुकानदार डीएचटी ११ हातात देईल, तो नको. त्याची मर्यादा ५० अंशांपर्यंतच आहे आणि तापमानात २ अंश, आर्द्रतेत ५ टक्के इकडेतिकडे होणं त्याच्या कागदावरच लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या डबीत ५० ची मर्यादा सहज ओलांडली जाते. डीएचटी २२ घ्या. तो अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो आणि ८० अंशांपर्यंत टिकतो.

दाब मोजणारा सेन्सर लावला तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हवामानाच्या बातमीत दाब समुद्रसपाटीला बदलून सांगतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे तुमच्या सेन्सरवर आकडा त्याहून पस्तीसेक हेक्टोपास्कलनी कमी दिसेल. सेन्सर बिघडलेला नाही, परत द्यायला जाऊ नका.

आणलेला सेन्सर लगेच वावरात नेऊ नका. आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी टाकून ओला लगदा करा. मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट डब्यात शेजारी ठेवा, पाणी सेन्सरला लागू न देता. रात्रभर डबा सावलीत राहू द्या. मिठाच्या अशा लगद्यावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, हा निसर्गाचाच नियम आहे. सेन्सर ८० दाखवत असेल तर तो ५ ने जास्त बोलतो. डबीवर पेनाने लिहून ठेवा आणि पुढे हिशोबात तेवढे वजा करा.

टांगायचा कुठे

उन्हात ठेवलेला सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचंच सांगतो. ते कितीतरी अंशांनी जास्त असतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या चार-पाच बशा मधोमध भोकं पाडून, बोटभर अंतर ठेवत एकावर एक उपड्या ओवा आणि सेन्सर आतल्या पोकळीत लटकवा. वरची बशी अखंड ठेवा. ऊन आणि पाऊस अडतो, वारा खेळता राहतो. हवामान केंद्रंही याच तत्त्वावरची पांढरी पेटी वापरतात. उंची जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरच्या मधे.

अर्थात पिकाच्या आतली हवा हवी असेल तर सेन्सर बोंडांच्या उंचीवर, झाडांच्या मधे लावावा लागेल. सप्टेंबरात पऱ्हाटी दाटली की आतला ओलावा धुऱ्यावरच्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि बोंडसडीसाठी कामाचा आकडा आतलाच. माझं मत विचाराल तर एकच सेन्सर असेल तेव्हा तो पिकातच लावा. मात्र एकदा ठरवलेली जागा आणि उंची हंगामभर बदलू नका.

फोनला सेन्सर दिसत नाही

हे सगळ्यांनाच होतं. हे सेन्सर ब्लूटूथच्या कमी वीज खाणाऱ्या प्रकारावर चालतात आणि त्यातले बरेचसे आपला आकडा थोड्या थोड्या वेळाने हवेत पुकारत असतात. फोनला नुसतं ऐकायचं असतं. त्यामुळे ब्लूटूथच्या यादीत जाऊन जोडी लावायचा खटाटोप करू नका, सेन्सरच्या ॲपमधूनच शोधा.

ॲन्ड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा फोन असेल तर ॲपला जवळपासच्या डिव्हाइसची परवानगी द्यावी लागते. त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथने शोधायलाच लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालूही ठेवावं लागतं. थर्मामीटरला लोकेशन काहून पाहिजे, असं वाटून आपण नाही म्हणतो आणि मग ॲप गप्प बसतं. सेन्सर खरंच पुकारतोय की नाही हे तपासायला एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट ॲप आहे. आसपासचं जे जे पुकारतं ते सगळं त्यात दिसतं.

घरात दहा मीटरवरून दिसणारा सेन्सर वावरात पाच मीटरवर गायब होऊ शकतो. ब्लूटूथच्या लहरी पाण्याला अडतात, आणि भरलेलं पीक म्हणजे पाणीच. आपलं शरीरही पाणीच आहे. सेन्सरकडे पाठ करून उभे असाल तर फिरून बघा.

घड्याळ

आता मुख्य भाग. आर्द्रतेचा आकडा वेळेशिवाय का निरर्थक आहे, ते आधी बघू. सकाळी २५ अंशांना हवेत ८० टक्के आर्द्रता आहे असं समजा. हवेतलं बाष्प तेवढंच राहिलं आणि दुपारी पारा ३५ वर गेला, तर आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांवर येते. पाण्याचा एक कणही कुठे गेलेला नाही. सकाळी आठच्या फोटोला दुपारी दोनचा आकडा चिकटला, तर वाचणारा म्हणेल हवा कोरडी आहे, बुरशीचा प्रश्न नाही. फोटो खरा, आकडा खरा आणि निदान चुकीचं.

फोनचं घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागतं. ती सेटिंग चालू असल्याची खात्री करा. अडचण सेन्सरची असते. तयार थर्मामीटर साधारणपणे फोनशी बोलताना वेळ घेतं, पण सेल बदलला की काहींची वेळ पुसली जाते. घरी जोडलेल्या ईएसपी ३२ ला तर वीज गेल्यावर वेळ लक्षातच राहत नाही. त्याला एकतर इंटरनेटवरून वेळ द्या किंवा डीएस ३२३१ हे सेलवर चालणारं घड्याळ जोडा.

सगळ्यात भरवशाची युक्ती अगदी साधी आहे. दर फेरीच्या सुरुवातीला सेन्सरच्या नोंदींची वेळ दाखवणाऱ्या पडद्याचा एक फोटो काढा. पडद्यावर ७:४२ दिसतंय आणि फोटोच्या माहितीत ७:४५ आहे, म्हणजे सेन्सर तीन मिनिटं मागे. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंना हाच फरक लावायचा.

आणखी एक खड्डा. एक्झिफमध्ये फोटोची वेळ आपल्या स्थानिक घड्याळाची असते, पण जीपीएसची वेळ जागतिक वेळेत लिहिलेली असते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे. काही सेन्सरची फाइलही जागतिक वेळेतच निघते. सकाळी साडेसातचा फोटो आणि फाइलमध्ये रात्री दोनची नोंद दिसली, तर घाबरू नका, साडेपाच तास मिळवा. आपली वेळ जागतिक वेळेहून ५:३० ने पुढे आहे, हे नोंदवायलाही एक्झिफमध्ये स्वतंत्र रकाना आहे. तो भरलेला असला तर पुढे कोणी गोंधळणार नाही.

आकडा फोटोत भरणं

संगणक नसेल, तर पहिल्या हंगामाला एवढंच पुरे: पानाचा फोटो काढला की लगेच सेन्सरच्या पडद्याचा दुसरा फोटो काढा. दोघांच्या वेळा लागोपाठ असतात, जोडी सहज सापडते. त्यापुढे जायचं तर फोनवर एक्झिफ एडिटर जातीचं ॲप घ्या आणि वर्णनाच्या रकान्यात आकडा लिहा. गूगल फोटोजमध्ये फोटोखाली जी ओळ लिहिता येते, ती मात्र वापरू नका. ती गूगलच्या खात्यात राहते, तुमच्या फाइलमध्ये उतरत नाही.

संगणक असेल किंवा गावातल्या सेवा केंद्रावर बसू देत असतील, तर एक्झिफटूल वापरा. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी हा प्रोग्राम २००३ पासून घडवत आणला आहे आणि तो फुकट आहे. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर ओळ लिहावी लागते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, राजेहो. ओळ अशी बनते: आधी प्रोग्रामचं नाव, एक जागा, वजाचिन्ह, त्याला चिकटून टॅगचं, म्हणजे रकान्याचं, नाव, बरोबरचं चिन्ह, आकडा, पुन्हा जागा आणि शेवटी फोटोचं नाव. तापमानाच्या टॅगचं नाव ॲम्बियंट टेम्परेचर, पण इंग्रजी अक्षरांत, दोन शब्दांमध्ये जागा न सोडता. आर्द्रतेचं ह्युमिडिटी, दाबाचं प्रेशर. आकडेही इंग्रजीच टाका, आणि पुढे अंशाचं किंवा टक्क्याचं चिन्ह लावू नका.

प्रोग्राम मूळ फोटो फेकत नाही. त्याच्या नावाला ओरिजिनल अशी शेपटी लावून बाजूला ठेवतो. ती प्रत पुसायची घाई करू नका.

एकेक फोटो भरणं दहा फोटोंपर्यंत ठीक आहे. शंभर असतील तर तक्त्याने करा. एक्झिफटूललाच सांगून सगळ्या फोटोंची नावं आणि वेळा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये काढून घ्या आणि ती गूगल शीट्समध्ये उघडा. एक्झिफमधल्या तारखेत वर्ष, महिना आणि दिवस यांच्यामध्ये अपूर्णविराम असतात, म्हणून शीटला ती तारीख वाटतच नाही. तिथे आडव्या रेघा घाला. शेजारच्या पानावर सेन्सरच्या नोंदी चढत्या वेळेने लावा. मग व्हीलूकअप हे सूत्र अंदाजे जुळणीवर ठेवून चालवा. ते प्रत्येक फोटोच्या लगेच आधीची नोंद उचलून आणतं. सेन्सर दर दहा मिनिटांनी नोंद घेत असेल तर आपल्या कामाला तेवढी जुळणी पुरते.

आता तक्त्याचा पहिला स्तंभ फोटोच्या नावाचा. त्याला एक्झिफटूलने जे सोर्सफाइल हे शीर्षक दिलं आहे, ते तसंच राहू द्या. बाकीच्या स्तंभांना टॅगची नावं द्या. वेळेचा स्तंभ काढून टाका, नाहीतर आपण आडव्या रेघा घातलेल्या तारखा फोटोत परत लिहिल्या जातील. तक्ता सीएसव्ही म्हणून साठवा आणि प्रोग्रामला ती फाइल द्या. सगळे फोटो एका दमात भरून निघतात. आधी दोन फोटोंच्या प्रतीवर चालवून बघा.

जमिनीचा ओलावा, वाण, पेरणीची तारीख, फवारणी हे सगळं वर्णनात जातं. मराठीत लिहायचं असेल तर एक्सएमपी या फाइलमधल्याच दुसऱ्या माहितीच्या भागातला वर्णनाचा रकाना वापरा, तिथे देवनागरी नीट राहते. एक्झिफचा जुना वर्णनाचा रकाना इंग्रजी अक्षरांसाठी बनला होता, त्यात आपली अक्षरं कधी कधी चौकोन होऊन बसतात. वर्णनात तापमान आणि आर्द्रता पुन्हा लिहा. दुबार वाटेल, पण फोनच्या गॅलरीत तापमानाचा अधिकृत रकाना बहुधा दिसतच नाही आणि वर्णन दिसण्याची शक्यता जास्त. सोबत सेन्सर कुठे होता तेही लिहा. उदाहरणार्थ: ‘३१.४ अंश, ८२ टक्के, सेन्सर पिकात बोंडांच्या उंचीवर, फोटोपासून ४० मीटर, नोंद फोटोच्या ६ मिनिटं आधीची.’ एवढी ओळ असली की वाचणारा आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते स्वतः ठरवतो.

पाठवताना

इथे बऱ्याच जणांची मेहनत वाया जाते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि आतली सगळी माहिती गळते. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या कोणाला पाठवायचा असेल तर जोडण्याच्या चिन्हावर जाऊन डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग फाइल जशी आहे तशी जाते. ईमेलला जोडली तरी चालते. पाठवण्याआधी फोन बदलून एकदा स्वतःच तपासा, घरातल्या दुसऱ्या फोनवर डॉक्युमेंट पाठवून माहिती उघडते का ते बघा.

ग्रुपवर टाकायचा फोटो नेमका उलट्या रीतीने पाठवा. वावराचे अक्षांश-रेखांश, विहिरीची जागा, मोटर कुठे बसवली, हे शे-दोनशे लोकांच्या हाती देण्याचं कारण नाही. तिथे साधा फोटोच बरा, व्हॉट्सॲपची गळती तिथे आपल्या फायद्याची ठरते.

ब्लूटूथने शोधताना शेजाऱ्याचं घड्याळ, पाहुण्याचे इअरफोन, कोणाच्या तरी नावाचा फोन असं बरंच दिसतं. काही ॲप्स ही सगळी यादी साठवतात. आपल्या फोटोत फक्त आपल्या सेन्सरचा आकडा जाऊ द्या. कोण कुठे किती वाजता होतं, याची नोंद त्या माणसाला न विचारता ठेवणं बरोबर नाही.

आणि नुकसानीच्या दाव्याबद्दल. आपण आकडा भरू शकतो, म्हणजे कोणीही काहीही भरू शकतो. म्हणून असा फोटो पुरावा ठरत नाही, तो आपल्या अभ्यासाची वही आहे. ई-पीक पाहणी स्वतःच्या ॲपमधून फोटो आणि जागा घेते, तिथे तिच्याच पद्धतीने जायचं. विमा, पंचनामा किंवा निकृष्ट बियाण्याची तक्रार अशा कोणत्याही कामासाठी फोनमधून निघालेला मूळ फोटो हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आकडे भरायचे ते त्याच्या प्रतीवर. मूळ फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर टाका, कारण हंगामाच्या मधे फोन पाण्यात पडतातच.